जिम लावण्याआधी आपला परिसर पालथा घाला

दिवाळीचा फराळ संपला आणि नवं वर्ष लागलं की जिमवाल्यांचा धंदा जोरात असतो. वर्षाची फी एकदम भरा, तीन महिने फुकट. पंधरा-वीस दिवस उत्साह टिकतो, मग लग्नसराई, मग मुलांच्या परीक्षा, आणि पावती पाकिटात तशीच राहते. जिमला नावं ठेवायची नाहीत, ज्यांना जमतं त्यांनी खुशाल जावं. पण आपल्याकडे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर इतक्या सोयी असतात, बऱ्याचशा फुकट किंवा नाममात्र पैशांत, की त्या न बघता बारा महिन्यांची फी भरणं म्हणजे घाई झाली. या सोयी शोधायच्या कशा, तिथं शिरायचं कसं आणि खाडा न करता टिकायचं कसं, ते सांगतो.

आधी किती हवं ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं चांगली दमवणारी. शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचेही व्यायाम करावेत, आणि मुलांना रोज सरासरी तासभर खेळ हवा. मध्यम जोराची म्हणजे काय, तर चालताना शेजारच्याशी बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. शतपावली यात बसत नाही.

१५० मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास, त्यात अवघड काही नाही. घोडं अडतं ते ताकदीच्या व्यायामाशी. सकाळी बागेत बघा, चालणारे ढीगभर आणि जोर काढणारा एखादा. चाळिशी ओलांडलेल्या बायका तर हा भाग जवळजवळ पूर्ण सोडून देतात, आणि पुढे जमिनीवरून उठताना खुर्चीचा आधार लागायला लागतो. म्हणून शोधायला निघताना दोन गोष्टी शोधा: एक दम वाढवणारी, एक ताकद वाढवणारी.

आधी टेहळणी

एक शनिवार सकाळी सहा ते साडेसात आणि आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी ठेवा. घरापासून पंधरा मिनिटांत चालत जिथवर जाता येतं तेवढाच टापू घ्या. गाडी काढू नका, कारण जिथं जायला गाडी काढावी लागते तिथं पावसाळ्यात तुम्ही जाणार नाही. नकाशाच्या ॲपवर इंग्रजीबरोबर मराठीतही ‘व्यायामशाळा’, ‘तालीम’, ‘क्रीडा संकुल’, ‘जलतरण तलाव’ असं शोधा. मात्र गल्लीतली जुनी तालीम किंवा देवळाच्या सभामंडपात भरणारा योगवर्ग नकाशावर सापडेलच असं नाही. त्यासाठी माणसांना विचारायला हवं. पहाटे उठणारी माणसं कुठं जातात हे पेपर टाकणाऱ्यांना, चहाच्या टपरीवाल्याला आणि बागेच्या माळ्याला नेमकं माहीत असतं. वाचनालयाचा, ज्येष्ठ नागरिक संघाचा आणि वॉर्ड ऑफिसचा फळाही वाचा.

प्रत्येक जागेबद्दल तीनच प्रश्न विचारा. चालत जाता येतं का? माझ्या सवडीच्या वेळेला उघडी असते का? आणि मी एक दिवस गेलो नाही तर कुणाच्या लक्षात येईल का? माझ्या मते तिसरा प्रश्न सगळ्यात वजनदार. ‘काय, काल दिसला नाहीत?’ असं विचारणारं माणूस जिथं आहे तिथं गैरसोयी असल्या तरी चालतात. जिथं ते नाही तिथं गुळगुळीत ट्रॅक असूनही महिन्याभरात पाय मागे पडतात.

बाग, तळं आणि टेकडी

चालण्याची जागा बहुधा आधी सापडते. महापालिकेच्या बागा साधारण सकाळी आणि संध्याकाळी उघड्या असतात, दुपारी बंद. वेळापत्रक फाटकावर लावलेलं असतं, ते वाचूनच आपली वेळ ठरवा. हमरस्त्याच्या कडेनं चालणं शक्यतो टाळा, विशेषतः थंडीतल्या सकाळी. तेव्हा धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते.

टेकडी जवळ असेल तर नशीब काढलंत. पुण्यात पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, साताऱ्यात अजिंक्यतारा, नाशकात पांडवलेणी, छत्रपती संभाजीनगरला गोगाबाबा टेकडी. ठाणेकरांना येऊर आहे, नागपूरकरांना सेमिनरी हिल्स. टेकडी नसेल तर तळं बघा: नागपूरचा फुटाळा, कोल्हापूरचा रंकाळा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरणाऱ्यांसाठी पास मिळतो, रोज तिकीट काढायची गरज नाही. चढावर अर्ध्या तासात जेवढा दम लागतो तेवढा सपाटीवर तासाभरातही लागत नाही. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. त्या दोनदा चढून उतरलात की त्या दिवसाचं काम झालं.

चढण्यानं छाती दमते, पण गुडघे दुखतात ते उतरण्यानं, हे नवख्यांना माहीत नसतं. उतरताना लांब ढांगा टाकू नका. गुडघा किंचित वाकलेला ठेवून छोटी पावलं टाका, तीव्र उतारावर सरळ न येता नागमोडी या. पहिले आठ-दहा दिवस अर्ध्या टेकडीवरून परत फिरा. वरपर्यंत पोचण्याची हौस नंतरही भागवता येते. पावसाळ्यात पायऱ्यांवर आणि कातळावर शेवाळ धरतं, तेव्हा खालच्या सपाट वाटेवरच चाला. एकट्यानं अंधारात टेकडीवर जायचं नाही, हा नियम पुरुषांनीही पाळावा. बायकांनी तिघी-चौघींचा गट करूनच जावं. गावातल्या भटक्या कुत्र्यांचे टापू ठरलेले असतात. रोजच्या फिरणाऱ्यांना ते ठाऊक असतात, वाट त्यांनाच विचारा.

पुणेकरांना एक सांगणं: व्यायामासाठी सिंहगड चढायचा असेल तर रविवार सोडून जा. रविवारी आतकरवाडीच्या वाटेवर व्यायाम कमी आणि वाट बघणं जास्त होतं. शिवाय वरची भजी आणि मडक्यातलं दही.

ओपन जिमची यंत्रं

जवळपास प्रत्येक बागेत, हल्ली ग्रामपंचायतीच्या आवारातही, ही रंगीत यंत्रं दिसतात. त्यांना पट्टे किंवा वजनाच्या चकत्या नसतात. बहुतेकांवर तुमच्या स्वतःच्या शरीराचंच वजन वापरलेलं असतं, त्यामुळे एकदा सवय झाली की ताकद फारशी वाढत नाही. तरी सुरुवातीला ती उत्तम. बसून हँडल खाली ओढायचं यंत्र, बसून पुढे ढकलायचं यंत्र आणि पायानं रेटायचं यंत्र ही तीन कामाची. पाय हवेत झुलवायचं यंत्र सांधे मोकळे करायला ठीक आहे. कंबर गरागरा फिरवायच्या गोल तबकडीवर मात्र लोकांचा फार जीव. तिनं पोट कमी होत नाही, आणि पाठीचं दुखणं असलेल्यांनी तर तिच्यावर चढूच नये.

वापरण्याआधी यंत्र हातानं हलवून बघा. बूड डुगडुगत असेल, बोल्ट निघालेला असेल किंवा बेअरिंग करकरत असेल तर ते सोडा. यंत्राचा आणि बागेच्या नावाच्या फळ्याचा फोटो काढून महापालिकेच्या तक्रार ॲपवर टाका. तक्रार क्रमांक जपून ठेवा, पुढे नगरसेवकाकडे जाताना तो दाखवता येतो.

खरं सोनं मात्र यंत्रांच्या शेजारी असतं: लोखंडी आडवा बार, समांतर बार आणि साधं बाकडं. बाकड्यावर काय करता येतं बघा. बाकड्यासमोर उभे राहा, हात पुढे धरा, सावकाश बसा, टेकल्या टेकल्या हातांचा आधार न घेता उठा. असं दहा वेळा. मग बाकड्याच्या पाठीवर हात टेकून तिरके जोर, जेवढे नीट निघतील तेवढे. जोर जमायला लागले की हात बसायच्या फळीवर आणा, आणखी महिन्या-दोन महिन्यांनी जमिनीवर. आडव्या बारला नुसतं लटकून राहा, दहा सेकंदांपासून सुरुवात. शेवटी बाकड्याला एका बोटाचा आधार देऊन एका पायावर उभं राहणं, दोन्ही पाय आळीपाळीनं. असे तीन फेरे केले की वीस मिनिटं होतात. आठवड्यातून दोनदा एवढं केलं तरी ताकदीचा कोटा भरतो, आणि ज्येष्ठांनी तीनदा केलं तर त्यांचा तोलाचा व्यायामही त्यातच होऊन जातो.

तालीम आणि व्यायामशाळा

तालीम म्हटलं की फक्त पैलवानांची जागा असं वाटतं. कोल्हापूरची मोतीबाग किंवा गंगावेश तालीम ही मल्लांचीच, तिथं हौसे-नवशांचं काम नाही. पण पुण्यातल्या पेठांत, सांगली-साताऱ्यात आणि कितीतरी गावांत तालमीच्या एका अंगाला व्यायामाची खोली असते. तिथं लाल मातीत न उतरताही जोर-बैठका काढता येतात, मुद्गल फिरवता येतो. महिन्याची वर्गणी जिमच्या मानानं किरकोळ असते.

आत जायची रीत सांभाळा. चपला बाहेर. मारुतीला नमस्कार करतात, तुम्ही केलात तर बरं दिसतं. थेट मुद्गलाला हात घालू नका, वस्तादांना भेटा आणि वय, दुखणी, औषधं सगळं सांगा. पहिले काही दिवस ते फक्त बैठका काढायला लावतील. कंटाळू नका, तीच परीक्षा असते. आणि दोन दिवस गेला नाहीत तर वस्ताद घरी निरोप धाडतात, हा सगळ्यात मोठा फायदा.

ज्यांना तालमीचं वातावरण नको त्यांच्यासाठी जुन्या व्यायाम संस्था आहेत. पुण्यातलं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून, दादरच्या शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर मल्लखांबासाठी प्रसिद्ध. तालुक्याच्या गावीही अशी एखादी संस्था असते. मल्लखांब फक्त मुलांचा, असं समजू नका. वजन आटोक्यात असेल आणि खांदे धड असतील तर मोठ्यांनाही साधी पकड, साधी अढी म्हणजे पायांची पकड शिकता येते. दोरीच्या मल्लखांबावर मुली आणि बायका पूर्वीपासून करत आल्या आहेत. ‘मोठ्यांची तुकडी आहे का?’ एवढं विचारा. नसेल तर पाच-सहा पालक मिळून मागा. मुलांना सोडायला येऊन तासभर मोबाइल बघत कट्ट्यावर बसणारे आईबाप हेच त्या तुकडीचे पहिले सभासद.

जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलंही अशीच दुर्लक्षित. आत धावपट्टी, बॅडमिंटन हॉल, काही ठिकाणी तलावही असतो. पुण्याचं बालेवाडी संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, ते सगळ्यांना माहीत असतं. आपल्या तालुक्याच्या संकुलाचं फाटक कुठल्या रस्त्याला आहे हे मात्र अनेकांना सांगता येत नाही. सामान्य नागरिकांच्या वेळा आणि फी याची माहिती जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते.

पालिकेचा तलाव

गुडघे कुरकुरत असतील, वजन जास्त असेल, तर पोहण्यासारखा व्यायाम नाही. पाणी तुमचा भार उचलतं. प्रवेशाची पद्धत ठिकठिकाणी थोडी वेगळी, पण लागतं ते साधारण सारखंच: फोटो, आधार कार्डाची प्रत, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि भरलेला अर्ज. मुंबईसारख्या ठिकाणी नोंदणी ऑनलाइन होते. एप्रिल-मे मध्ये जाऊ नका, तेव्हा उन्हाळी शिबिरांची पोरं पाण्यात मावत नाहीत. शाळा सुरू झाल्या की जूनच्या उत्तरार्धात जा, तुकडीत जागाही मिळते आणि प्रशिक्षकाचं लक्षही.

पैसे भरण्याआधी तुमच्या तुकडीच्या वेळेला एकदा नुसतं बघून या. पाण्याचा तळ स्वच्छ दिसतो का? काठावर जीवरक्षक उभा आहे की मोबाइलवर? उथळ भाग वेगळा आहे का? बायकांची तुकडी बऱ्याच तलावांवर भर दुपारी ठेवलेली असते, जणू सगळ्या बायकांना दुपारी रिकामाच वेळ असतो. नोकरी करणाऱ्या दहा जणींनी सह्या करून सकाळची किंवा संध्याकाळची तुकडी मागितली तर व्यवस्थापकाला विचार करावा लागतो, कारण फी भरणारे दहा जण त्यालाही हवे असतात. नायलॉनचा पोशाख आणि टोपी बहुतेक ठिकाणी सक्तीची. आणि पोहता येत नसेल तर अर्जात तसंच लिहा, उगाच ‘थोडं येतं’ म्हणू नका.

खेळ

व्यायामाचा कंटाळा असणाऱ्यांनी खेळ धरावा. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या महाराष्ट्राच्याच खेळाडूंनी २०२५ च्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला आणि पुरुष संघांचं नेतृत्व केलं, आणि दोन्ही संघ जिंकले. त्यामुळे मुलांसाठी खो-खोचे वर्ग शोधायला आता बरे दिवस आहेत. चाळिशीच्या आपण मात्र एकदम खुंटाला वळसे घालू नयेत, घोटा मुरगळतो. मोठ्यांना लगोरी, थ्रोबॉल आणि बॅडमिंटन झेपतं. थ्रोबॉल तर सोसायटीतल्या बायकांनी उचलूनच धरला आहे. दोन खांब, एक जाळी, एक चेंडू, बस्स. बॅडमिंटन कोर्ट तासाच्या भाड्यानं मिळतं, चौघांत वाटलं की परवडतं. नॉन-मार्किंग, म्हणजे कोर्टावर डाग न पाडणाऱ्या सोलचे बूट मात्र लागतात, नाहीतर दारातूनच परत पाठवतात.

गणपतीच्या आधी दीड-दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. नव्या माणसांना ते घेतात. कमरेला ढोल बांधून तासभर उभं राहून वाजवणं म्हणजे पाठ, खांदे, पोटऱ्या सगळ्यांची मेहनत. मणक्याचं दुखणं असेल तर ढोल नको, झांज किंवा ध्वज घ्या. कानात चांगले इअरप्लग घाला, कापसाच्या बोळ्यांनी भागत नाही. उरलेल्या महिन्यांत रविवारी गडावर श्रमदान करणाऱ्या किंवा टेकडीवरच्या रोपांना पाणी घालणाऱ्या गटात जा. पाण्याचे कॅन घेऊन चढ चढणं हा दम आणि ताकद दोन्हीचा व्यायाम आहे, आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही म्हणून कंटाळाही येत नाही.

आजीआजोबांसाठी हास्यक्लब आहेच. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत मोजक्या लोकांना घेऊन तो सुरू केला. हसण्यानं ताकद वाढत नाही हे खरं, पण आजी रोज सकाळी घराबाहेर पडते, हात वर करते, चार मैत्रिणींना भेटते. हसून झाल्यावर त्याच गटाकडून बाकड्यावरच्या उठाबशा करून घ्या.

काहीच सापडलं नाही तर

नव्या वस्त्यांत असं होतं. इमारती उभ्या राहतात, मैदान आराखड्यातच राहतं. तिथं शाळेचं पटांगण गाठा. शाळा भरण्याआधी आणि सुटल्यावर ते रिकामं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोला, पालिकेच्या शाळेत शिक्षण विभागाचीही परवानगी लागते. तोंडी विचारलं तर बहुधा ‘बघू’ असं उत्तर मिळतं. लेखी अर्ज द्या, आणि त्यात शाळेला डोकेदुखी होणार नाही हे स्पष्ट लिहा. नमुना असा:

*मा. मुख्याध्यापक यांस,*
*विषय: शाळेचे पटांगण सकाळी वापरण्याबाबत.*
*महोदय, आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी सोमवार ते शनिवार सकाळी ५.४५ ते ६.४५ या वेळेत व्यायामासाठी शाळेचे पटांगण वापरू इच्छितो. वर्गखोल्या, वीज व पाणी वापरले जाणार नाही. शाळा भरण्यापूर्वी पटांगण झाडून स्वच्छ करण्याची जबाबदारी आमची राहील. परीक्षा, स्नेहसंमेलन व शालेय कार्यक्रमांच्या दिवशी वापर बंद ठेवू. फाटकाची किल्ली दोन नेमलेल्या व्यक्तींकडेच राहील. प्रायोगिक तत्त्वावर तीन महिन्यांची परवानगी मिळावी, ही विनंती.*

‘प्रायोगिक तत्त्वावर’ हे शब्द गाळू नका. कायमची परवानगी द्यायला कुणीच धजावत नाही, तीन महिन्यांची देतात. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि आठवड्यानं स्वतः जाऊन भेटा.

गट सुरू करायला तिघं पुरतात. व्हॉट्सॲप ग्रुप करा, पण त्यावर सुप्रभातचे फुलांचे फोटो आणि राजकारण बंद. रात्री प्रत्येकानं फक्त ‘येतोय’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायचं. जो तीन दिवस ‘नाही’ लिहील त्याला फोन करायचा, आणि फोन आळीपाळीनं करायचा, नाहीतर एकाच्याच गळ्यात पडतं. पावसाच्या दिवसांची सोय आधीच ठरवून ठेवा: सोसायटीचं पार्किंग, देवळाचा सभामंडप किंवा समाजमंदिर. जून उजाडल्यावर शोधाल तर गट फुटतो.

सुरुवातीआधी डॉक्टरांना कुणी भेटायचं? हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी, आणि वर्षानुवर्षं काहीच न केलेल्या चाळिशीपुढच्यांनी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी टेकडी चढू नये, खिशात चार लिमलेटच्या गोळ्या ठेवाव्यात आणि सोबत्याला आपल्या आजाराची कल्पना द्यावी. चालताना छातीत दाबल्यासारखं झालं, कळ जबड्यात किंवा डाव्या हातात गेली, दरदरून घाम फुटला, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत घरी जाऊन पडू नका. जागेवर बसा, सोबत्याला सांगा आणि १०८ ला फोन लावा. हा क्रमांक गटातल्या प्रत्येकाला पाठ हवा, आणि आपण रोज जिथं जमतो त्या जागेचा नीट पत्ताही. टेकडीवर असाल तर गाडी कुठल्या फाटकापर्यंत येऊ शकते, हे आधीच बघून ठेवा.